एकसष्ट बायांची हरकत

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. तिसरीला आमच्या गावात मास्तरच नव्हता, म्हणून शिक्षण तिथंच थांबलं. पण जेवढं शिकले तेवढं विसरले नाय. अक्षर मोठं असलं तर ओठ हलवत हलवत वाचते. आमच्या वस्तीत माझ्या वयाच्या दुसऱ्या कुठल्याच बाईला तेवढंही येत नाय. म्हणून कुठं पाटी लागली, कागद आला, की बाया मला हाक मारतात. त्या वाचण्याचा मला थोडा गर्व व्हता. त्याच गर्वापायी मी एकदा सगळ्या वस्तीच्या तोंडचं पाणी घालवत व्हते. ते सांगते.

आमची वस्ती नाशिकच्या कडंला, त्र्यंबकच्या अंगाला, टेकडीवर हाय. वस्तीच्या खाली पालिकेचा तलाव. माझ्या उंबऱ्यात बसलं की सगळा तलाव दिसतो, सकाळी पांढरा, दुपारी निळा. दिसतो तेवढाच. पाणी खाली शहराला जातं. आमी तलावाच्या वर राहतो आन् पाणी काय चढत नाय, असं पहिल्यापासून सगळे साहेब सांगत आले. तलावाला जाळी लावली, ‘पाण्यात उतरू नये’ अशी पाटी लावली. ती पाटी मीच वाचून दाखवली व्हती बायांना.

हा तलाव खणला त्या मोठ्या दुष्काळात. माझं लग्न होऊन वरीस झालं नव्हतं. आमी नवरा-बायको, सासू, थोरली जाऊ, सगळे कामावर. बाप्ये खणायचे, बाया डोक्यावर मातीच्या पाट्या वाहायच्या. दुपारी सरकारी सुकडी मिळायची, गोड पिठाची. तीच खाऊन दिवस काढला. भिंतीच्या पोटात घालायला काळी माती लागते, नायतर पाणी झिरपतं. ती माती ओढ्याच्या पलीकडून आणायची. किती पाट्या आणल्या ते देवालाच ठाव. मुकादम म्हणायचा, “आणा बायांनो आणा, तुमच्याच नातवंडांना पाणी मिळंल.” नातवंडं झाली, पण पाणी काय आलं नाय.

आमी ओढ्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणायचो. खड्डा करायचा, पाणी जमायची वाट बघायची, वाटीनं हंडा भरायचा, मग चढ. एकदा त्या चढावर घसरले. पोटात पाच महिन्यांचं व्हतं, ते गेलं. चौथ्या दिवशी परत हंडा घेतला. कोण आणणार दुसरं? त्या गोष्टीचं मी जास्त काय बोलत नाय. तेव्हा सगळ्याच बायांचं असं काय ना काय असायचं. पुढं टँकर आला. तो कधी यायचा, कधी नाय.

तर मागं पाच-सहा वर्षांपूर्वी समाजमंदिराच्या भिंतीवर पालिकेचा कागद लागला. बायांनी हाक मारली. मी वाचला. तलावाची भिंत उंच करणार, तलाव मोठा करणार, असं व्हतं. खाली ठळक अक्षरात लिहिलं व्हतं की ‘हरकती व सूचना’ असतील तर तीस दिवसांच्या आत पालिकेत आणून द्याव्यात.

मी म्हणले, “बायांनो, बघा. ते स्वतःच म्हणतात हरकती आणून द्या. आजपर्यंत आपल्याला कोणी इचारलं व्हतं का?”

माझी सून दहावी शिकलेली. तिनं पालिकेतून छापील नमुना आणला, झेरॉक्स काढल्या. लिहायला बसली आन् पेन थांबवून म्हणाली, “आई, हरकत म्हणजे नको म्हणणं असतं ना? विरोध?”

मी म्हणले, “आपण म्हणतो ना, काय हरकत नाय? म्हणजे काय?”

“म्हणजे अडचण नाय.”

“मग हरकत म्हणजे काय झालं? अडचण! माझी आई म्हणायची, येणार व्हते गं, पण जरा हरकत आली. लिही तू.”

सुनेनं पेन उचललं. सासूनं सांगितलं म्हणून लिहिलं. त्यात तिची चूक नाय. चूक माझी हाय, हे मी पुढं म्हणले, आताही म्हणते.

त्या नमुन्यात एक मोठा चौकोन व्हता, ‘हरकतीचे स्वरूप’. तीन दिवस आमच्या ओट्यावर बाया येऊन आपापली अडचण सांगत व्हत्या आन् सून त्या चौकोनात लिहीत व्हती. एकीचे गुडघे गेले. एकीची सून पाण्यापायी माहेरी जाऊन बसली ती येईना. एकीच्या पोरीला दोनदा बघून गेले, पण वस्तीला नळ नाय म्हणून नकार दिला. माझी थोरली जाऊ शेवटी आली. तिला मी अक्का म्हणते. तिचं तोंड पहिल्यापासून तिखट.

म्हणाली, “लिही गं पोरी. हंडे वाहून वाहून माझी मान खाली गेली. नवऱ्यानं जन्मात माझं तोंड सरळ बघितलं नाय.”

“अक्का, हे पालिकेला कशाला सांगायचं?”

“अडचण हाय ना? मग लिही.”

सुनेनं ते पण लिहिलं. एकसष्ट कागद झाले, एकसष्ट अंगठे आन् सह्या. मी आन् सून जाऊन देऊन आलो. तिथल्या माणसानं सगळ्यांवर शिक्के मारले. धडाधड आवाज येत व्हता. मला तो आवाज लय गोड वाटला. घरी येताना मी सुनेला रसवंतीत रस पाजला.

पुढं बरेच दिवस काय कळालं नाय. भिंत मोजायला माणसं यायची, ती पण यायची बंद झाली. आमाला वाटलं सरकारी काम हाय, चालायचंच.

मग एक दिवस वस्तीत पांढरी गाडी आली. तलावाच्या काठाला एकाचं फार्महाऊस हाय, त्याचा मालक. इतक्या वर्षांत तो कधी वर आला नव्हता. हातात पेढ्यांचा मोठा खोका. हात जोडून म्हणाला, “काकू, तोंड गोड करा आधी. सगळ्यांना वाटा.”

पेढे वाटले. अक्कानं दोन घेतले, एक कमरेला खोचला. मी पेढा तोंडात टाकला आन् इचारलं, “कशाचे हो पेढे?”

“तुमच्या हिमतीचे! मी एकटा नको नको म्हणत होतो, माझं कोण ऐकतंय? भिंत वाढली की माझं सगळं लॉन पाण्याखाली जातं. पण तुम्ही एकसष्ट हरकती दिल्या आणि फाईल जागच्या जागी थांबली. मानलं तुम्हाला!”

पेढा तोंडातच राहिला. सून माझ्याकडं बघत व्हती, मी जमिनीकडं. तो माणूस लय वेळ बोलत व्हता. वस्तीलाच मोठा तलाव नको हाय, असं त्यानं वकिलाकडून लिहून पण दिलं म्हणाला. गाडी गेली. मग अक्कानं कमरेचा पेढा काढला आन् माझ्या पुढ्यात ठेवला.

“घे. दुसरी यत्ता पास झालीस ना, त्याचा पेढा खा.”

आन् निघून गेली. त्या दिवसापासून अक्का माझ्याशी बोलायची बंद झाली. दोघींची घरं एका भिंतीला, तरी बोलायची नाय. मला जे सुनवायचं ते ती भिंतीच्या पलीकडून कोंबडीला बोलून सुनवायची. “जास्त टिवटिव करू नको गं, तू काय पुढारीण हायस का?”

मी दुसऱ्याच दिवशी पालिकेत गेले. तोच शिक्केवाला व्हता. मी सांगितलं, भाऊ, असं असं झालं. त्यानं गठ्ठा काढला, वरचे चार-पाच कागद वाचले. माझ्याकडं बघितलं. हसला नाय, ते माझ्या लक्षात राहिलं.

“आजी, ही हरकत नाही. ही सूचना झाली. अमुक करा असं सांगायचं असलं तर ती सूचना. करू नका म्हणायचं असलं तर हरकत.”

“मग भाऊ, फाडून टाका ते. मी सूचनेचे नवे आणते.”

“शिक्का बसलेला कागद फाडता येत नाही, आजी. आणि तीस दिवस कधीच संपले. आता पुढच्या आठवड्यात गुरुवारी सुनावणी आहे. ज्यानं हरकत दिली त्यानं स्वतः यायचं, साहेबांसमोर सांगायचं की मागे घेतो. जो येणार नाही त्याची हरकत तशीच राहणार.”

“एकसष्टच्या एकसष्ट यायला पाह्यजे?”

“राहिल्या तेवढ्या मोजल्या जाणार. ह्या कामाचा निधी आलाय, आजी, आणि वेळेत मंजुरी झाली नाही तर तो परत जाणार. मग पुढं कधी होईल ते मी नाही सांगू शकत.”

घरी आले. आता काय करायचं ते सरळच व्हतं. एकेकीच्या दारात जायचं. माझ्या जन्मात मी कोणाला ‘माझं चुकलं’ म्हणले नव्हते. नवऱ्याला नाय, सासूला नाय. दिवस वाईट असले तरी मान वर ठेवायची एवढंच मला माहिती. पण त्या आठवड्यात मी ते साठ दारात म्हणले. “माझं चुकलं. मी चुकीचं वाचलं. गुरुवारी माझ्याबरोबर चल.” पहिल्या दोन-तीन दारात आधी हवापाण्याचं बोलले, मग ते म्हणले. पुढं दारातच म्हणायला लागले. एक जण म्हणाली, “चहा पी, मग चूक सांग.” एकीनं आत घेतलं नाय, दारातूनच म्हणाली, “गुरुवारी मळ्यात जायचं हाय.”

तीच खरी अडचण व्हती. द्राक्षाच्या विरळणीचे दिवस. रोज सकाळी पिकअप येते आन् सगळ्या बायांना मळ्यात घेऊन जाते. घडातले नको ते मणी कात्रीनं काढायचे, त्याला लगेच माणूस लागतं. एक दिवस खाडा केला की मुकादम दुसरी टोळी बघतो.

अक्काच्या दारात मी शेवटी गेले. ती तांदूळ निवडत व्हती.

“अक्का, माझं चुकलं.”

ती कोंबडीला म्हणाली, “ऐकलंस का गं? आज सूर्य कुठून उगवला?”

पण गुरुवारी येणार का, ते काय बोलली नाय.

गुरुवारी सकाळी पिकअप आली. मी रस्त्यात आधीच जाऊन उभी व्हते. बाया कात्र्या घेऊन, डोक्याला रुमाल बांधून आल्या, रोजच्यासारख्या. वाटलं, निघाल्या मळ्यात. पहिली जी चढली ती टपावर थाप मारून ड्रायव्हरला म्हणाली, “दादा, आज गाडी पालिकेत घे.”

“पालिकेत? आन् मुकादम?”

“त्याला सांग, आज बायांना हरकत आली.”

असा हसण्याचा कल्ला झाला! दोन खेपा करून ड्रायव्हरनं सगळ्यांना नेलं. मी मोजत व्हते. साठ झाल्या. अक्का नव्हती.

सुनावणीचा हॉल छोटा. आमी भिंतीला लागून खाली बसलो, खुर्च्या पुरल्या नाय. साहेब म्हणजे बाई व्हती, तरुण, डोळ्याला चष्मा. बाजूला इंजिनेर, समोर मोठा नकाशा. फार्महाऊसवाला वकील घेऊन पुढच्या खुर्चीत. आमाला बघून त्यानं हात जोडले, त्याला वाटलं त्याच्या मदतीला आलो.

शिक्केवाला एक एक नाव वाचायला लागला. मॅडम इचारायच्या, “तुमची हरकत आहे का?” पहिली बाई उठली, पदर सारखा केला आन् म्हणाली, “हरकत नाय.”

“हरकत मागे घेता?”

“घेते की.”

दुसरी म्हणाली, हरकत नाय. तिसरी म्हणाली, हरकत नाय. दहा झाल्यावर मॅडम पण हसायला लागल्या. बाया आपलं नाव यायच्या आधीच उठून उभ्या राहायच्या. एक म्हणाली, “काय बी हरकत नाय, उलट लवकर करा.” फार्महाऊसवाल्यानं वकिलाच्या कानाला तोंड लावलं. वकील उठला, म्हणाला, “ह्यांना कोणीतरी फितवून आणलंय.”

मी उठले. “मीच आणलंय. आधी पण मीच फितवलं व्हतं. मला हरकत ह्या शब्दाचा अर्थ उलटा कळाला. आता सुलटा कळाला.”

माझं पण ‘हरकत नाय’ लिहून घेतलं. साठ झाल्या. मग शिक्केवाल्यानं अक्काचं नाव घेतलं. एकदा घेतलं, दोनदा घेतलं. मी दाराकडं बघत व्हते.

“आले रे बाबा, आले! कान फुटले नाय माझे.”

अक्का! एकटी बस बदलून आली व्हती, आमच्या गाडीत बसायचं नाय म्हणून. वाकलेली, काठी टेकत थेट मॅडमच्या टेबलापर्यंत गेली.

मॅडमनी इचारलं, “आजी, तुमची हरकत आहे का?”

“हाय.”

फार्महाऊसवाला खुर्चीत सरळ झाला.

“माझी हरकत अशी हाय,” अक्का काठीनं माझ्याकडं दाखवत म्हणाली, “की ह्या बाईकडून परत कधी पालिकेनं कागद भरून घेऊ नये. दुसरी शिकलीय ती. तलावाला माझी काय हरकत नाय.”

मॅडमला चष्मा काढून डोळे पुसावे लागले, एवढ्या हसल्या. शिक्केवाला पण हसला, त्या दिवशी पहिल्यांदा.

वाटलं, झालं, जमलं. पण मॅडमनी गठ्ठा पुढं ओढला आन् आमचे कागद वाचायला लागल्या. एक वाचला, दुसरा वाचला. अक्काचा पण वाचला असणार, कारण त्यांनी अक्काच्या मानेकडं बघितलं. मग इंजिनेराला इचारलं, “ही वस्ती नकाशावर कुठे आहे?”

इंजिनेरानं बोट फिरवलं. तलाव दाखवला, भिंत दाखवली, खालचं शहर दाखवलं. वस्ती सापडंना. परत बोट फिरवलं. नकाशात आमच्या जागी नुसती टेकडी काढली व्हती, बारीक बारीक रेघांची.

मॅडम म्हणाल्या, “एकसष्ट कुटुंबं राहतात आणि तुम्हाला दिसली नाहीत?”

तेव्हा मला समजलं. आमी कागदच दिले नसते तर फाईल सरळ पुढं गेली असती. भिंत झाली असती, तलाव मोठा झाला असता आन् आमी वरून नुसता जास्त मोठा तलाव बघत बसलो असतो. आमच्या हरकतींमुळं का होईना, आमी टेकडीवर राहतो हे त्यांना कळालं.

मॅडमनी मला इचारलं, “आजी, तुमची सूचना काय?”

मला तो शब्द आता कळत व्हता. मी पुढं गेले.

“मॅडम, ह्या तलावाच्या भिंतीतली काळी माती आमी डोक्यावरून आणलीय. ह्या माझ्या अक्कानं आन् मी. पाणी चढत नाय म्हणतात. माती पण आपसूक चढत नव्हती, आमी चढवली. तुमच्याकडं मोटार हाय. वस्तीच्या डोक्याला एक टाकी बांधा, तलावातून मोटारीनं पाणी वर द्या. ते ह्या नकाशात लिहा. तोंडी नको. तलावावरच्या मुकादमानं तोंडीच सांगितलं व्हतं.”

मॅडमनी इंजिनेराकडं बघितलं. तो म्हणाला, “होऊ शकतं, मॅडम. उंची फार नाही.”

एवढं सोपं व्हतं. उंची फार नाय. मी मागं वळून बायांकडं बघितलं. अक्कानं काठी दोनदा जमिनीवर आपटली.

बाहेर आल्यावर फार्महाऊसवाला जिन्यात भेटला. मान फिरवून निघाला व्हता. अक्कानं हाक मारली, “ओ दादा, पेढे चांगले व्हते बरं का!”

मग पुढं बाकीच्या परवानग्या. वन खात्याची एक, मोठ्या हापिसातून नकाशावर सही एक, माती तपासली ती वेगळीच. अक्का परत बोलायला लागली व्हती. मी आन् ती दर पंधरवड्याला जायचो, बाकावर बसायचो. काय इचारायचो नाय, नुसत्या बसायचो. दोन म्हाताऱ्या समोर बसल्या की फाईल हलते, हे आमाला कळालं. शेवटी मंजुरीचा आदेश आला. सुनेनं मोठ्यानं वाचला. त्यात एक ओळ व्हती की वस्तीतील महिलांच्या सूचनेनुसार उंच टाकी व स्वतंत्र जलवाहिनी आराखड्यात घेण्यात येत आहे. मी सुनेकडून कागद घेतला आन् ती ओळ स्वतः वाचली, ओठ हलवत. ‘महिलांच्या सूचनेनुसार.’ चार वेळा वाचली. मग अक्काला वाचून दाखवली.

ती म्हणाली, “नीट वाचलंस ना?”

आता भिंत उंच झालीय. फार्महाऊसच्या लॉनवर पाणी हाय, बगळे उभे राहतात. वस्तीच्या डोक्याला पांढरी टाकी हाय आन् माझ्या ओट्याला नळ. पहिल्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा आधी नुसती हवा फुसफुसली, मग लाल पाणी, मग चांगलं. मी खाली हंडा लावला आन् बाजूला उभी राहिले. भरलेला हंडा मला उचलायचा नव्हता, ते अंगाला कळंना. हात आपोआप डोक्याकडं गेले, चुंबळ बघायला.

फक्त पाणी सकाळी नऊला सोडतात. नऊला सगळ्या बाया मळ्यात असतात. कोणाचं भरायचं राहतं, कोणाचं वाहून जातं. परवा अक्का भिंतीपलीकडून ओरडली, “अगं ए, दुसरी पास! पालिकेला कागद दे, पाणी सहाला सोडा म्हणावं.”

मी सुनेला हाक मारली, नमुना काढायला लावला.

“वर काय लिहू, आई?” सून हसत व्हती.

“सूचना लिही,” मी म्हणले. “मोठ्या अक्षरात.”